लेस्टरले जाऊन राह्यलो

अमरावतीच्या राजापेठ चौकात दोन मिनिटं नुसतं उभं राहणं शक्य नाही. तेवढ्यात ओळखीचं कोणीतरी गाडी हळू करतं आणि विचारतं, "काय बे, कुठी चालला?" या प्रश्नाला खरं उत्तर द्यायचं नसतं. "असाच" म्हटलं की भागतं. २०२२ च्या एप्रिलमध्ये मी एकदा चुकून खरं उत्तर दिलं.

"इंग्लंडले जाऊन राह्यलो."

गाडी थांबली. स्टँडवर लागली. "कायले?"

"पह्यले इंग्रजी शिकाले. मंग एम.एस्सी."

विचारणारे आमच्या गल्लीतलेच काका. त्यांनी मान वर करून समोरच्या इमारतीकडे पाहिलं. तीन मजले, त्यावर इंग्रजीच्या क्लासांचे पाच बोर्ड. एकावर तीस दिवसांची हमी, दुसऱ्यावर पंचवीस, आणि तिसऱ्यावर टाय लावलेला एक गोरा माणूस, जो राजापेठेत कधी आला असण्याची शक्यता नाही. काका म्हणाले, "अबे, मंग दोन जिने चढ ना. विमानात कायले बसतं?"

काकांना काय सांगणार, की तेच दोन जिने मी तीन महिने चढून-उतरून राहिलो होतो आणि त्याचाच हा परिणाम होता.

आमच्या क्लासच्या सरांचं आयुष्य एकाच शत्रूशी लढण्यात गेलं. तो शत्रू म्हणजे 'राह्यलो'. पुण्याचा माणूस जातो, येतो, खातो आणि मोकळा होतो. वऱ्हाडातला माणूस जाऊन राह्यला असते, येऊन राह्यला असते, खाऊन राह्यला असते. आमचं सगळं चालूच असतं, संपत काहीच नाही. हाच काळ आम्ही इंग्रजीत नेतो. मले समजून राह्यलं, म्हणजे आय अ‍ॅम अंडरस्टँडिंग. मले वाटून राह्यलं, म्हणजे आय अ‍ॅम थिंकिंग. पहिल्याच दिवशी मी उभा राहून सांगितलं, "आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स." सर म्हणाले, "भावायले जेवून राह्यला काय बे तू? हॅविंग म्हणजे खाणं होते तिथं." वर्ग हसला. सरांनी टेबलावर डस्टर आपटलं आणि म्हणाले, "आय अ‍ॅम टेलिंग यू सिन्स लास्ट वीक!"

एक गोष्ट मात्र मला तिथंच कळली आणि ती मी सरांना सांगितली नाही. आम्ही 'तो जाते' म्हणतो म्हणून पुण्या-मुंबईचे लोक हसतात. तो जाते, ती जाते, आमचं क्रियापद बाई-पुरुष पाहत नाही. इंग्रजीत तरी वेगळं काय आहे? ही गोज, शी गोज. राणीच्या भाषेचं आणि राजापेठेच्या भाषेचं या मुद्द्यावर आधीपासून जमलेलं आहे, मधे पुणं उगाच येतं.

आयईएलटीएस नावाच्या परीक्षेचे चार भाग असतात: ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं. गुणांना 'बँड' म्हणतात आणि ते नवापर्यंत जातात. हे मी घरी समजावून सांगितलं तेव्हा आजी म्हणाली, "साडेसहा बँड? एका लग्नाले एक पुरते." बोलण्याच्या परीक्षेत एक कार्ड हातात देतात, विचार करायला एक मिनिट आणि मग न थांबता दोन मिनिटांपर्यंत बोलायचं. घरी सराव घ्यायला आई तयार झाली, पण तिला मोबाईलमधलं घड्याळ लावता येत नव्हतं. तिनं कुकर लावला. "दुसरी शिट्टी होईलोक बोल," म्हणाली. विषय होता पाण्याजवळ घालवलेला एक दिवस. वऱ्हाडातल्या पोराला हा विषय देणं हाच मुळात अन्याय. मी वडाळी तलाव घेतला. मे महिन्यात त्यात पाणी किती असते हे अमरावतीकरांना सांगायला नको. पहिल्या शिट्टीपर्यंत मी तलावाच्या काठापर्यंत पोचलो. मग सगळं संपलं. नाव नाही, मासा नाही, लाट नाही. मी आईकडे पाहिलं. ती कुकरकडे पाहत होती. शिट्टी काही येईना. "रबर ढिलं झालं वाटते," ती म्हणाली. त्या दिवशी मी वडाळी तलावावर इंग्रजीत सात मिनिटं बोललो. तुरीची डाळ करपली. आजही कुठं इंग्रजीत भाषण करायची वेळ आली की मला करपलेल्या वरणाचा वास येतो.

परीक्षा नागपूरला. समोर बसलेल्या बाईंनी गोड हसून विचारलं, तुम्ही शिकता का? उत्तर अगदी सोपं होतं. 'येस' हा शब्द मला दुसरीपासून येतो. पण घाबरलेला माणूस आपल्या मायच्या भाषेत घाबरतो. माझ्या तोंडून निघालं, "हाव."

बाईंना ऐकू आलं, "हाऊ?"

त्यांना वाटलं, मी विचारतोय, कसं म्हणजे? त्यांनी प्रश्न सावकाश पुन्हा विचारला. मी आणखी घाबरलो आणि आणखी जोरात म्हणालो, "हाव!" ही मुलाखत अकरा ते चौदा मिनिटांची असते. त्यातला बराच काळ 'होय' आणि 'कसं' यांच्यात गेला.

तरी बोलण्यात बरे गुण पडले. घात केला लिहिण्यानं. चाळीस मिनिटांत अडीचशे शब्दांचा निबंध लिहायचा आणि त्यात स्वतःचं मत ठामपणे मांडायचं. आता अडीचशे शब्द म्हणजे आमच्याकडे पाहुण्याला 'बसा' म्हणेपर्यंतच खर्च होतात. आणि मताचं म्हणाल, तर प्रश्न होता की मुलांना मोबाईल द्यावा की देऊ नये. मी लिहिलं की दोघांचंही बरोबर आहे, आपल्याले काय करा लागते. इंग्रजीत लिहिलं अर्थातच. लेखनात अर्धा बँड कमी पडला.

अर्धा बँड कमी पडलेल्यांसाठी तिकडच्या विद्यापीठांनी एक सोय केलेली असते, तिला प्री-सेशनल कोर्स म्हणतात. मूळ अभ्यासक्रम सप्टेंबरात सुरू होतो, त्याआधी उन्हाळ्यात येऊन दहा आठवडे नुसतं इंग्रजी शिकायचं. फी वेगळी. बाबांनी हिशेब केला आणि म्हणाले, "अर्ध्या बँडाले एवढे पैसे? पूर्ण बँड असता तं धामणगावपर्यंत वाजवत नेला असता."

गाव मिळालं लेस्टर. हे नाव इंग्रजीत नऊ अक्षरांत लिहितात आणि त्यातली निम्मी गिळतात. आमच्या घरात त्याचे लिसेस्टर, लिचेस्टर, लायसेस्टर असे सगळे प्रकार होऊन गेले. आजोबांनी, म्हणजे आमच्या आबाजींनी, मात्र एका दमात बरोबरच्या जवळचं नाव घेतलं: लिस्टर. त्यांच्या विहिरीवर एकेकाळी त्या नावाचं डिझेल इंजिन होतं. "चांगलं गाव असन," म्हणाले. "हँडल मारलं का चालू होये."

आबाजींच्या मते या सगळ्या परीक्षाच फालतू. "भाऊसाहेब कोणत्या क्लासले गेल्ते?" ते विचारत. भाऊसाहेब म्हणजे पंजाबराव देशमुख. पापळसारख्या खेड्यातून निघून ते १९२० मध्ये विलायतेला गेले, एडिंबरा केलं, ऑक्सफर्डला वेदवाङ्मयातल्या धर्मावर प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळवली, बॅरिस्टर होऊन परत आले आणि अमरावतीत शाळा-कॉलेजांची रांग लावली. वऱ्हाडात परदेशी जाणाऱ्या प्रत्येक पोराच्या डोक्यावर हे उदाहरण ठेवलेलं असतं. बॅग तेवीस किलोची आणि भाऊसाहेब वेगळे.

इंग्रजांना अमरावती म्हणता येत नाही हेही आबाजींकडूनच कळलं. त्यांच्या वडिलांच्या काळापर्यंत ही कापसाची मोठी पेठ. १८५३ मध्ये कंपनी सरकारनं निजामाकडून वऱ्हाड आपल्या ताब्यात घेतला तो काही इथल्या हवेसाठी नाही. पुढे १८६१ ते ६५ मध्ये अमेरिकेत यादवी झाली, तिकडचा कापूस बंद झाला आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. लिव्हरपूलच्या बाजारात आमच्या कापसाचं नाव होतं 'ऊमरा'. अमरावतीचं ऊमरावती, आणि पुढचं म्हणायला कंटाळा आला म्हणून ऊमरा. ज्यांनी आमच्या गावाचं निम्मं नाव दीडशे वर्षांपूर्वी गिळलं, त्यांच्या गावाचं नाव नीट म्हणता येत नाही म्हणून मी कशाला लाजायचं?

जूनमध्ये मी लेस्टरला उतरलो. सांडगे, बिबड्या, जवसाची चटणी आणि इंग्रजी बोलायची जय्यत तयारी. विमानात 'गुड आफ्टरनून, आय हॅव बुक्ड अ रूम' हे वाक्य चाळीस वेळा घोकलं होतं, त्यात 'राह्यलो' कुठंही नव्हतं. बेलग्रेव्ह भागातल्या त्या घराची बेल दाबली. दार उघडलं. पांढरी साडी, कपाळावर चंदन, सत्तरीच्या आजीबाई. मी तोंड उघडण्याआधीच त्या म्हणाल्या, "आवो, आवो. केम छो?"

घोकलेलं वाक्य तसंच वाया गेलं.

लेस्टरमध्ये इंग्रजीखालोखाल गुजराती बोलली जाते हे मला क्लासात कोणी सांगितलं नव्हतं. १९७२ मध्ये इदी अमीननं युगांडातल्या आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला सांगितलं, तेव्हा लेस्टरच्या नगरपालिकेनं तिकडच्या 'युगांडा अर्गस' नावाच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली, की कृपा करून आमच्या गावात येऊ नका, इथं जागा नाही. जाहिरातीचा फायदा एवढाच झाला की ज्यांना लेस्टरचं नाव माहीत नव्हतं त्यांनाही ते कळलं. आमच्या घरमालकीण आजीबाई, म्हणजे बा, त्यातल्याच. हा किस्सा त्या दर रविवारी सांगत आणि शेवटी हसून म्हणत, "ना पाडी, तोय आव्या." नाही म्हणाले, तरी आलो. मला तर हे वाक्य राजापेठेतल्या एखाद्या लग्नातल्या पाहुण्याचं वाटायचं.

आता ज्या घरात गुजराती, ज्या दुकानात गुजराती, ज्या देवळात गुजराती, तिथं इंग्रजी शोधायला बसनं विद्यापीठात जावं लागे. पण बसमध्येही वेगळीच अडचण. पहिल्या दिवशी तिकीट काढलं, 'थँक यू' म्हणालो, तर ड्रायव्हर म्हणाला, "टा, मी डक."

डक म्हणजे बदक, एवढं इंग्रजी मला येत होतं. मी मागं वळून पाहिलं, बदक कुठं आहे ते. माझ्यामागं एक आजोबा होते, त्यांनाही तो तेच म्हणाला. तिकडच्या भागात आपुलकीनं बोलावताना समोरच्याला बदक म्हणतात, लहान-मोठा, बाई-बुवा, सगळ्यांना. मी रात्री घरी फोनवर सांगितलं. आईला काळजी वाटली. "शिव्या देऊन राह्यले काय तुले?" ती म्हणाली. मागून आबाजींचा आवाज आला, "आपण इथं राजेहो म्हणतो. त्यायच्याकडे राजा एकच असन, म्हणून बाकीच्यायले बदक."

'आर यू ऑलराइट?' याचाही मी आठवडाभर नीट जबाब देत होतो. दुकानात, लिफ्टमध्ये, जिन्यावर, जो तो विचारायचा. मला वाटलं, माझा चेहराच उतरलेला दिसतोय. मी थांबून सांगायचो, की झोप कमी होते, पोट जरा जड आहे, पण बाकी ठीक. लोक ऐकत ऐकत मागं सरकायचे. मग एके दिवशी लक्षात आलं, की हे आपलं 'बरं हाय का?' आहे. 'कुठी चालला?'चा चुलतभाऊ. त्याला 'असाच' एवढंच उत्तर असतं.

आमच्या वर्गात चौदा जणं. निम्म्याहून जास्त चिनी, दोन सौदी, एक थाई, एक कझाक आणि मी. शिकवणाऱ्या बाई अतिशय शुद्ध बोलायच्या, त्यामुळे त्यांचं कोणालाच कळायचं नाही. आम्ही एकमेकांशी बोलायचो ते मात्र सगळ्यांना कळायचं. माझ्या शेजारी चेंगडूची एक मुलगी बसायची. पहिल्या दिवशी मी तिला विचारलं, ही खुर्ची रिकामी आहे का, मी बसू का? तिनं मान डोलावली आणि म्हणाली, "हाव, हाव."

मी उभाच राहिलो. सात हजार किलोमीटरवर, भर इंग्लंडात, एक चिनी मुलगी मला 'हाव' म्हणाली होती! मी विचारलं, तुझं सासर-माहेर कुठं वऱ्हाडात वगैरे आहे का? अर्थात एवढं इंग्रजी मला जमलं नाही, मी नुसता पुन्हा म्हणालो, "हाव?" ती म्हणाली, "हाव." चिनी भाषेत हाव म्हणजे छान, बरं, ठीक. ज्या शब्दानं नागपुरात माझा घात केला, त्याच शब्दावर लेस्टरात आमची दोघांची मैत्री दहा आठवडे चालली. गृहपाठ झाला? हाव. कॅन्टीनला जायचं? हाव. बाई कोड्यात पडून बघायच्या. त्यांना वाटायचं, ही मुलं सारखी एकमेकांना 'कसं? कसं?' विचारतात, फार जिज्ञासू आहेत.

माझं इंग्रजी सुटलं ते मात्र १९ जुलै २०२२ ला. तारीख मी विसरणार नाही, कारण इंग्लंडही विसरणार नाही. त्या दिवशी लिंकनशायरमधल्या कॉनिंग्जबीला पारा ४०.३ वर गेला. तिथल्या इतिहासात चाळीस अंश त्याआधी कधी झाले नव्हते. आदल्या दिवशी लूटन विमानतळाची धावपट्टी उन्हानं फुगली, लाल इशारा दिला होता, रेल्वेवाले म्हणाले, गरज नसेल तर प्रवास करू नका. मी अमरावतीला फोन केला, बाबा म्हणाले, "चाळीस? म्हणजे गारवा आला काय तिकडं?" आमच्याकडे चाळीसला लोक लग्नाच्या वरातीत नाचतात.

पण गंमत बाजूला, तिथं खरंच भट्टी झाली होती. घरं थंडीसाठी बांधलेली, आत ऊब कोंडून ठेवणारी. जमिनीला गालिचा, छताला पंखा नाही, खिडकी चार बोटं उघडते आणि अडकते. बाई वर्गात आल्या त्या लालबुंद होऊन. फळ्यावर 'शुड' लिहिलं आणि म्हणाल्या, उन्हाबद्दल सल्ला द्या, एकेक वाक्य.

सौदी मुलं म्हणाली, एसी लावावा. इंग्लंडमध्ये एसी कुठला! मग माझी पाळी आली आणि मी उठलो. म्हणालो, सकाळी आठच्या आत सगळ्या खिडक्या बंद कराव्या. पडदा ओला करून लावावा. बाहेर पडताना डोक्याला दुपट्टा गुंडाळावा, कान झाकलेच पाहिजेत, लू कानातून शिरते. उन्हातून आल्या आल्या पाणी पिऊ नये, आधी बसावं, मग गूळ खावा, मग पाणी. कैरी उकडून पन्हं करावं. कैरी नसेल तर, मी जरा थांबलो, तर इथल्या दुकानात बेलग्रेव्हला मिळते. आणि खिशात कांदा ठेवावा.

"अनियन?" बाई म्हणाल्या.

"राइट पॉकेट," मी ठामपणे सांगितलं. डावा चालतो की नाही हे मला माहीत नव्हतं, पण निबंधात मत ठाम नव्हतं म्हणून अर्धा बँड गेला होता, आता ती चूक करायची नव्हती. मी तसाच पुढं बोलत राहिलो. कूलरच्या गवताबद्दल बोललो, संध्याकाळी अंगण शिंपण्याबद्दल, गच्चीवर झोपण्याबद्दल. मे महिन्यातल्या अमरावतीत मी जन्मभर घाम गाळला तो या एका तासासाठी. किती वेळ बोललो माहीत नाही, कारण कुकर नव्हता. खाली बसलो तेव्हा चिनी मैत्रीण वहीत चित्र काढत होती: माणूस, पँट, खिसा, कांदा. बाई म्हणाल्या, आज तुझं इंग्रजी फारच ओघवतं होतं. मी लाजून म्हणालो, "येस, आय अ‍ॅम नोइंग धिस टॉपिक." बाईंनी चूक काढली नाही. दुसऱ्या दिवशी त्या आल्या तेव्हा त्यांच्या जाकिटाच्या उजव्या खिशाला फुगवटा होता. मी विचारलं नाही.

कोर्स पास झालो. सप्टेंबरात एम.एस्सी. सुरू झालं आणि आठवड्याला २० तास काम करायची मुभा मिळाली. काम कुठं मिळणार? फरसाणच्या दुकानात. गाठिया तोलता तोलता 'केटला थया', 'थेली जोईए छे?', 'चालशे' हे असं तोंडात बसलं की एकदा प्रबंधाच्या चर्चेत प्राध्यापकांनी विचारलं, हे प्रकरण पुढच्या आठवड्यात दिलंस तर चालेल का, तर मी म्हणालो, "चालशे." तेही लेस्टरचेच. त्यांना कळलं.

२०२३ च्या डिसेंबरात परत आलो. राजापेठेत पाय ठेवतो तोच क्लासच्या इमारतीवर माझा फोटो. टाय लावलेल्या गोऱ्याच्या शेजारी. खाली 'लंडन रिटर्न'. लंडन मी हीथ्रोपुरतंच पाहिलं. सरांनी हाताला धरून वर नेलं, वर्गापुढं उभं केलं आणि म्हणाले, "आस्क हिम एनीथिंग. ही इज नोइंग एव्हरीथिंग."

पोट्टे गप्प. शेवटी मागच्या बाकावरचा एक उठला. "दादा, तिकडचा बसवाला आपल्याले काय म्हणते?"

मी म्हणालो, "बदक."

वर्गात शांतता पसरली. सरांनी माझ्याकडे पाहिलं, मग खडू उचलला आणि फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: डक म्हणजे पॅसेंजर. पोट्ट्यांनी वहीत उतरवून घेतलं.